एका चंबूत दोन दाणे

“सही करणार नाही म्हणजे नाही,” असं फोनवर तीनदा सांगून झालं, तेव्हाच मला कळलं की आता आपल्याला जावं लागणार. माझा स्वभावच तसा मेला. ज्या गोष्टीला ठणकावून नाही म्हणते, तिच्याच मागे चार दिवसांत चपला घालून निघते.

गोष्ट अशी. मी अमरावतीला रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. मार्गदर्शक म्हणून माझ्या हाताखाली शेवटची एकच विद्यार्थिनी उरली होती, प्रज्ञा. ती बारामतीच्या एका कॉलेजात शिकवते, राहते इंदापूर तालुक्यात अंथुर्ण्याला आईवडिलांकडे, आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करते. तिच्या नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती. प्रबंध टाइप होऊन तयार, फक्त माझी सही नव्हती. मुदत टळली असती तर सहा वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती. आणि मी इकडे हटून बसले होते.

ज्यांनी दहावीनंतर रसायनशास्त्राला लांबूनच हात जोडले त्यांच्यासाठी थोडं सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. काही पदार्थ देते असतात, काही घेते. एकाला दाता म्हणतात, दुसऱ्याला ग्राही. दोघांना एका द्रावणात आणलं की दाता आपल्या इलेक्ट्रॉनचा थोडासा वाटा ग्राहीकडे सरकवतो. पुरता देत नाही, पुरता सोडतही नाही. त्यातून जे तयार होतं त्याला चार्ज ट्रान्सफर कॉम्प्लेक्स म्हणतात. आमच्या जोडीची नावं हातभर लांब आहेत, ती राहू द्या. दोघंही रंगाने पिवळे, एक लिंबासारखा, दुसरा जरा गंजकट. ही दोन पिवळी, आरपार दिसणारी द्रावणं एकमेकांत ओतली की डोळ्यांदेखत काळंहिरवं गर्द होतं आणि तळाशी काळे स्फटिक पडू लागतात. दोन पिवळ्यांतून काळा! मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बावीस वर्षांची होते आणि तोंडातून “अगं माय!” निघालं होतं. आज सहासष्टाव्या वर्षीही तेच निघतं.

पण नुसतं बनवून भागत नाही. त्यात दाता किती आणि ग्राही किती, हे सांगावं लागतं. त्याला आम्ही संघटन म्हणतो. या जोडीचं संघटन एकास एक आहे, असं चाळीस वर्षांपूर्वी एका शोधनिबंधात छापून आलं. तो निबंध माझा. प्रज्ञाच्या प्रबंधातही तोच आकडा होता. मात्र तिने मला पाठवलेल्या काळ्या पुड्या मी ओळखीच्या प्रयोगशाळेतून मोजून घेतल्या, तर दाता कधी सव्वापट निघायचा, कधी दीडपट. लिहायचं एक आणि माल दुसराच, हे मला खपत नाही. पोरगी हलगर्जी झाली, नीट धुतलं नसेल, नीट वाळवलं नसेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. उरलेली पुडी पर्समध्ये घातली आणि निघाले.

भिगवण, शुक्रवार

भिगवण स्टेशनवर उतरले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. प्रज्ञा स्कूटी घेऊन उभी होती. वाकून नमस्कार केला, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही. मी म्हटलं, “आधी खाऊ घाल, मग भांडू.”

हायवेलगतच्या एका खानावळीत तिने मला उजनीची चिलापी खाऊ घातली. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना मासा म्हणजे कधीमधी नदीला पूर आला तर. इथे ताटात अख्खा मासा, बाहेरून कुरकुरीत, आत पांढराशुभ्र, सोबत चुलीवरची बाजरीची भाकरी आणि झणझणीत रस्सा. मी बोलता बोलता खात होते, हीच चूक. काटा घशात अडकला. डोळ्यांतून पाणी, बोलती बंद. खानावळवाली धावत आली, भाकरीचा कोरडा घास माझ्या हातात कोंबून म्हणाली, “चावू नका मावशी, तसाच गिळा!” गिळला. काटा गेला. प्रज्ञा इतक्या वेळात पहिल्यांदा हसली, आणि मलाही हसू आलं.

खानावळीच्या मागे धरणाचं पाणी. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीत डोकावून बघायची वस्तू. इथे ते नजर पोचेल तिथपर्यंत पसरलेलं, काठाला जाळी वाळत घातलेली, आणि पाण्यातून वर आलेल्या वाळक्या बाभळींवर बगळे. मी दहा मिनिटं नुसती उभी राहिले. भांडायचं होतं ते विसरूनच गेले.

अंथुर्णे, शुक्रवार संध्याकाळ

अंथुर्ण्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. तोडणीचे दिवस, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि त्यांच्यामागे आमची स्कूटी. प्रज्ञाचं घर गावाच्या कडेला, स्लॅबचं, दारात पेरूचं झाड, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाचे फोटो. तिचे वडील ओट्यावर आले. “जय भीम मॅडम. लई लांबनं आला,” म्हणाले. मी जय भीम केला. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं, म्हणून मीही तात्याच म्हणू लागले.

तात्यांनी सहकारी साखर कारखान्यात तीस वर्षं पॅनमन म्हणून नोकरी केली. उसाचा रस आटवून घट्ट पाक झाला की तो पॅन नावाच्या भल्यामोठ्या बंद कढईत शिजतो आणि तिथे साखरेचा दाणा बांधतो. दाणा कधी धरायचा, कधी थांबायचं, हे बघणारा तो पॅनमन. सातवी शिकलेला माणूस. “पॅनमधनं नमुना काडायचा, काचंवर पसरायचा, दिव्याम्होरं धरायचा. काच खोटं बोलत न्हाय,” असं त्यांनी मला चहा पिता पिता सांगितलं. चहा इतका गोड की चमचा उभा राहावा. साखरेचा मुलूख, तक्रार कुणाकडे करणार!

जेवायला प्रज्ञाच्या आईंनी हुलग्याची शेंगोळी केली होती. आमच्याकडे हुलगे बैलाला घालतात. इथे त्यांच्याच पिठाची कडबोळी करून लसणाच्या फोडणीत शिजवतात. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि बैलांबद्दल मनोमन आदर वाढला.

चूळ भरून बसल्यावर मी पर्समधून ती काळी पुडी काढली आणि मास्तरणीच्या आवाजात सुरू झाले, “प्रज्ञा, हे काय पाठवलंस तू मला?” ती खाली मान घालून उभी. तेवढ्यात तात्या म्हणाले, “बगू की मला.”

मला जरा रागच आला. हे काय साखर आहे? पण यजमानाला नाही कसं म्हणणार. त्यांनी आतून काचेची पट्टी आणि भिंग आणलं, चिमूटभर पूड पट्टीवर पसरली, बल्बसमोर धरली आणि इकडून तिकडून फिरवून पाहिली. मग पट्टी माझ्यापुढे केली. “हा एक दाणा न्हाय मॅडम. दोन हायती. ह्यो लांबडा, सुईवानी. आन् ह्यो चपटा. घाईनं थंड केलं की आसं हुतं. खऱ्या दाण्यात दुसरा दाणा घुसतो.”

मी भिंगातून पाहिलं. बाप्पा! सुया होत्या, आणि सुयांच्या मधेमधे बारीक चकत्या होत्या. दोन्ही काळ्या. नुसत्या डोळ्याला ती एकसारखी पूड. चाळीस वर्षं मी हा पदार्थ हाताळला, तोलला, मोजला, जाळून पाहिला. काचेवर पसरून भिंगाखाली कधी धरला नव्हता. यंत्रं होती ना आमच्याकडे!

“दोन दाणे म्हणजे दोन कॉम्प्लेक्स असतील,” मी पुटपुटले. “एकात दाता एक, दुसऱ्यात दोन. मिसळलं की सव्वा, दीड, काहीही येईल.” प्रज्ञाकडे पाहिलं. ती अजून खालीच बघत होती.

“वायले, वेगवेगळे करता येतील?” मी तात्यांना विचारलं.

“बी टाकलं तर येतील. ज्याचं बी त्योच दाणा. आन् थंड हळू करायचं. लई हळू.”

बारामती, शनिवार

कॉलेजला दुसरा शनिवार म्हणून सुट्टी होती. प्रज्ञाने प्राचार्यांची परवानगी काढून प्रयोगशाळा उघडली. आम्ही तिघं आत शिरलो, तात्यांच्या खांद्यावर पत्र्याची पेटी. पेटीत उसाच्या चिपाडाचा वाळका भुगा ठासून भरलेला. “ह्यात गरम भांडं ठेवलं की दोन-दोन दिस कोमट ऱ्हातं,” ते म्हणाले. माझ्या उमेदीच्या काळात अशा कामासाठी परदेशी यंत्राची मागणी मी सात वर्षं करत होते.

प्रज्ञाने दोन्ही पदार्थ तोलून गरम द्रावकात विरघळवले, गाळले, आणि सारखेच दोन चंबू भरले. तोवर तात्यांनी भिंगाखाली झाडूच्या काडीने एक सुई आणि एक चकती वेगळी काढली होती. मी म्हटलं, बी मी टाकणार. इथे माझा वडीलपणा आडवा आला. चिमटीने सुई उचलली आणि टाकली. टाकताक्षणी ती विरघळून गेली.

तात्या कपाळाला हात लावून म्हणाले, “भाजलं की वो बी तुमी, मॅडम! वाईच निवू द्यायचं आसतं.”

विद्यार्थ्यांना याच चुकीसाठी मी किती वेळा झापलं असेल, देव जाणे. प्रज्ञा तोंड फिरवून हसत होती ते मला दिसलं. “हास, हास,” मी म्हटलं, “तुझा दिवस आहे.” तात्यांनी दुसरी सुई शोधली. चंबूच्या काचेला हाताचा पंजा लावून ते वाट बघत राहिले. थर्मामीटर शेजारीच पडला होता. एका क्षणी म्हणाले, “आता.” मी थर्मामीटर बुडवून आकडा वाचला, आणि प्रज्ञाने तो वहीत टिपून घेतला. एका चंबूत सुई गेली, दुसऱ्यात चकती. दोन्ही चंबू भुग्यात पुरले, पेटी बंद केली. “सोमवारपातूर हात लावायचा न्हाय,” तात्यांनी दम दिला. पन्नास विद्यार्थ्यांना दम देणारी मी, मुकाट्याने मान डोलावली.

पुन्हा भिगवण, रविवार

थांबण्यापलीकडे काही काम नव्हतं, म्हणून प्रज्ञा मला पाणी दाखवायला घेऊन गेली. पहाटेची थंडी, पाण्यावर धुकं, होडीत आम्ही दोघी आणि नावाडी. बऱ्याच आत गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि बोट ओठावर ठेवलं.

धुकं हळूहळू वर गेलं आणि समोर रोहित पक्षी होते. शेकडो. उथळ पाण्यात लांब पायांवर उभे, माना खाली, चोची उलट्या करून चिखल गाळत. पांढऱ्या अंगावर गुलाबी झाक. मग कशाने तरी बिचकून सगळे एकदम उडाले, आणि पंख उघडले तेव्हा आतला रंग दिसला. लाल आणि काळा. डोळे भरून आले, ते पुसायचंही सुचलं नाही.

तेव्हाच प्रज्ञा बोलली. “मॅडम, मला ठाऊक होतं.”

“काय?”

“दोन दाणे. चार वर्षांपासून ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षी एकदा सावकाश थंड केलं होतं, तेव्हा सुया आणि चकत्या वेगवेगळ्या आल्या होत्या. मोजल्या पण होत्या. सुई एकास एक. चकती दोनास एक.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. “मग लिहिलं का नाहीस?”

“तुमचा आकडा होता ना, मॅडम. एकास एक. मला वाटलं, माझंच चुकतंय. मग मी तुमच्या निबंधात लिहिलंय तसं, झटक्यात थंड करून करायला लागले. अकरा वेळा केलं. जे जुळलं नाही ते बाजूला ठेवलं. तरी जुळेना. शेवटी प्रबंधात तुमचाच आकडा लिहिला.” मग ती माझ्याकडे वळली. “माझे आईवडील कारखान्यात नि शेतात राबले, मला कॉलेजात पाठवलं. तुम्ही मला शिकवलं. तुमचं चुकलंय असं मी कसं लिहायचं?”

राग आला, खरं सांगते. खोटा आकडा लिहिला म्हणून तिला होडीतच दोन शब्द सुनावले. “सहा वर्षं वाया घालवलीस! एक फोन करता आला नाही?” नावाडी बिचारा दुसरीकडे बघू लागला. ती म्हणाली, “केला होता मॅडम. त्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, नीट धूत जा.”

मला तो फोन आठवला. अगदी तसंच म्हणाले होते. नावाड्याने इंजिन सुरू केलं आणि आम्ही काठाकडे निघालो.

बारामती, सोमवार

सकाळी तात्यांनी पेटी उघडली. भुगा बाजूला केला. पहिला चंबू वर उचलून खिडकीपाशी धरला.

आत सुयाच सुया. नखाएवढ्या लांब, काळ्या, पण खिडकीचा उजेड पडला की अंगावर हिरवट तकाकी. एकही चकती नाही. दुसऱ्या चंबूत नुसत्या चकत्या, सपाट, चकचकीत, कडा कापून काढल्यासारख्या सरळ. द्रावण तेच, भांडं तेच, पेटी तीच. एका कणाएवढ्या बीने सांगितलं की तुम्ही कोण व्हायचं, आणि अब्जावधी रेणूंनी ते ऐकलं. मी जन्मभर हे शिकवलं आणि तरी त्या खिडकीत उभी राहून मला वाटलं, आपण आज पहिल्यांदा बघतोय. “अगं माय,” म्हटलं.

“लई झाक दाना बांदलाय,” तात्या म्हणाले. ते मात्र साखरेच्याच आनंदात होते.

मग मोजणी. प्रज्ञाने दोन्ही स्फटिक गाळले, वाळवले, तोलले आणि वेगवेगळे विरघळवले. पातळ द्रावणात कॉम्प्लेक्स सुटतो आणि दाता-ग्राही आपापल्या पिवळ्या रंगावर परत येतात. त्यातून प्रकाश किती पार होतो हे यंत्र सांगतं, आणि त्यावरून कोण किती ते निघतं. दुपारी आकडे हातात आले. सुई एकास एक. चकती दोनास एक. तिने चार वर्षांपूर्वी मोजलं होतं तेच.

तेव्हा मी त्या दोघांना एक गोष्ट सांगितली, जी आजवर कुणाला सांगितली नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी माझाही आकडा एकास एक आला नव्हता. दाता थोडा जास्तच येत होता, दर वेळी. मी माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले. सर म्हणाले, “धुण्यात कमी पडतेस, वानखडे. एकास एकच असणार.” सर मोठे माणूस. मी मान हलवली आणि एकास एक लिहिलं. छापून आलं, नाव झालं, नोकरी लागली. आणि तेच धुण्याचं वाक्य मी पुढे प्रज्ञाला दिलं.

सांगता सांगता मला रडू फुटलं. तात्या उठले, माठातलं पाणी आणून दिलं. मग म्हणाले, “मॅडम, आमच्याकडं पॅनमदी खोटा दाना धरला तर काय करायचं? पानी मारायचं, सगळं इरगाळवायचं, आन् पुन्यांदा शिजवायचं. पाळीतल्या मानसानं झाकून ठिवलं तर सगळं पोतं नासतं. साखर कुटं जात न्हाय, मॅडम. रडायचं काय त्यात?”

मी डोळे पुसले आणि प्रज्ञाला म्हटलं, “कॉम्प्युटर लाव. संघटनाचं प्रकरण काढ.”

प्रबंध इंग्रजीत, पण ते वाक्य मराठीत सांगायचं तर असं होतं: हे संघटन वानखडे यांच्या निष्कर्षाशी जुळते. मी ते तिला खोडायला लावलं. तिने दोन्ही दाणे कसे बनवले ते लिहिलं, बी कसं टाकलं, भुग्याच्या पेटीत किती वेळ ठेवलं, पेटी कुणाची, सगळं. चार वर्षांपूर्वीचे आकडे आणि आजचे आकडे शेजारी शेजारी मांडले. मग नव्याने लिहू लागली, “वानखडे यांचा पूर्वीचा निष्कर्ष…” आणि थांबली. बोटं कळफलकावर तशीच.

“मॅडम, ‘अपूर्ण’ लिहू का? तसं लिहितात बरेच जण.”

“अपूर्ण कशाला?” मी म्हटलं. “चूक आहे. ‘चूक’ लिही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलं. मी ते वाक्य दोनदा वाचलं, पान छापायला लावलं, आणि खाली सही केली.